ट्यूलिप ट्री: घराणं पुरातन, स्वभाव उतावळा

ट्यूलिप ट्रीची ओळख करून द्यायची तर आधी नावांचा गुंता सोडवावा लागतो. ट्यूलिप म्हणजे कांद्यातून उगवणारं हातभर उंचीचं रोप, लिलीच्या कुळातलं. ट्यूलिप ट्री म्हणजे आभाळाला भिडणारा वृक्ष. दोघांचं नातं काही नाही, फूल तेवढं पेल्यासारखं दिसतं. अमेरिकेतले लाकूडवाले याला ‘यलो पॉप्लर’ म्हणतात, पण हा पॉप्लरही नाही. पॉप्लर वाळुंजाच्या कुळातला. १७५३ साली स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने ‘लिरिओडेंड्रॉन ट्यूलिपिफेरा’ हे शास्त्रीय नाव छापलं. त्यातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ लिलीवृक्ष आणि लॅटिन शब्दाचा ट्यूलिप धरणारा. बिचाऱ्याच्या नावात दोनदा फूल आलं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याचं! त्यात मराठीत ज्याला आपण पिचकारी म्हणतो ते लालभडक फुलांचं झाड आफ्रिकन ट्यूलिप ट्री म्हणून ओळखलं जातं, आणि जास्वंदीच्या कुळातल्या पारोशा पिंपळाला इंडियन ट्यूलिप ट्री म्हणतात. या लेखात ती दोन्ही नाहीत. हा लेख उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलातल्या झाडाचा आहे, आणि शेवटी त्याच्या चीनमधल्या भावाचाही.

खरे सोयरे शोधायचे तर चाफ्याकडे जावं लागतं. ट्यूलिप ट्री मॅग्नोलियाच्या कुळातलं, म्हणजे आपल्या सोनचाफ्याचं चुलत भावंड. खात्री करून घ्यायची असेल तर सोनचाफ्याची फांदी नीट बघा. पान जिथे फुटतं तिथे फांदीभोवती एक बारीक गोल रेघ असते. तशीच रेघ ट्यूलिप ट्रीच्या फांदीवरही असते. ती कशामुळे येते हे कळीकडे येऊ तेव्हा सांगतो.

हे घराणं फार जुनं आहे. शाळेत आपण शिकलो की सपुष्प वनस्पती दोन प्रकारच्या, एकदल आणि द्विदल. पाठ्यपुस्तकापुरतं ठीक आहे, पण मॅग्नोलियाचा गट या वाटणीत नीट बसत नाही. बी रुजलं की दोन दलं बाहेर येतात हे खरं, तरी वंशवृक्षावर ही फांदी वाटाणा-आंबा-सूर्यफुलाच्या फांदीपासून वेगळी निघते. दालचिनी आणि मिरी याच वेगळ्या फांदीवर आहेत. अमेरिकेत कॅन्ससमधल्या सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ‘आर्किअँथस’ नावाच्या वनस्पतीचे जीवाश्म सापडले आहेत, आणि त्यांच्या फुला-फळांची ठेवण ट्यूलिप ट्रीशी चांगलीच जुळते. तेव्हा जमिनीवर डायनोसॉर फिरत होते.

जुनेपणाचा दुसरा पुरावा पेशीत मिळतो. २०१३ साली या झाडाच्या मायटोकाँड्रियामधला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणिकांमधला, डीएनए पूर्ण वाचला गेला. वाचणारे चकितच झाले. त्यात बदल इतक्या संथपणे झाले होते की त्यांनी त्याला सरळ ‘जीवाश्म झालेला’ असं विशेषण लावलं. त्यांच्या हिशोबाने माणसाच्या अशाच डीएनएमध्ये एका पिढीत जेवढा बदल होतो, तेवढ्यासाठी ट्यूलिप ट्रीला सुमारे ५०,००० वर्षं लागतात. फुलधारी वनस्पतींच्या पूर्वजाकडे असलेली कितीतरी जनुकं इतरांनी वाटेत टाकून दिली, ती या झाडाने जपून ठेवली आहेत.

एवढं वाचून कोणालाही वाटेल की हे झाड सावकाश, धीरगंभीरपणे वाढत असणार. प्रत्यक्षात जंगलात याच्याइतकं उतावळं झाड क्वचित सापडेल, आणि मला त्याची गंमत वाटते ती यामुळेच.

पानाच्या कळीपासून बघू. हिवाळ्यात पानं गळून गेली की फांदीच्या टोकाला एक चपटी कळी उरते, हुबेहूब बदकाच्या चोचीसारखी. चोचीचे दोन भाग म्हणजे दोन उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी झाकणं, कडेला कडा जुळवून मिटलेली. ती हलकेच उघडली तर आत एक इवलंसं पान असतं. ते मधल्या शिरेवर घडी घातलेलं असतं आणि त्याचा देठ वाकलेला असतो, त्यामुळे पान खाली डोकं घालून झोपल्यासारखं दिसतं. त्याच्या शेजारी आणखी एक लहान चोच. ती उघडली की आत पुन्हा घडीचं पान आणि पुन्हा चोच. डब्यात डबा, त्यात डबा. म्हणजे वसंत ऋतू यायच्या आधीच पुढच्या कित्येक पानांची तयारी झालेली असते. ऊब आली की चोच उघडते, पान देठ सरळ करून वर येतं, घडी मोडतं, आणि उपपर्णं गळून पडतात. ती फांदीला पूर्ण वेढा घालून बसलेली असतात म्हणून मागे गोल रेघ राहते. सोनचाफ्यावरची रेघ ती हीच.

उलगडलेलं पान एकदा पाहिलं की विसरत नाही. पानाला टोक असतं ही आपली साधी समजूत. इथे टोकाच्या जागी कोणीतरी कात्री चालवल्यासारखी सपाट, किंचित आत गेलेली कड असते, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन कोपरे. देठ लांब आणि लवचीक, त्यामुळे जराशा वाऱ्यानेही सगळं झाड सळसळतं. पॉप्लरचं नाव याला चिकटलं त्यात या सळसळीचाही हात असावा. पानगळीच्या आधी सगळी पानं पिवळीधमक होतात.

फूल मात्र बहुतेकांना झाडाखाली उभं राहूनही दिसत नाही. एप्रिल ते जूनच्या दरम्यान, पानं फुटल्यानंतर, ते उंच शेंड्यांवर उमलतं, आणि रंग बघावा तर पिवळट हिरवा, म्हणजे पानांत बेमालूम मिसळणारा. पाकळ्या खाली पडल्या की लोकांना कळतं की अरे, बहर येऊन गेला. अशी पडलेली पाकळी उचलून बघा. बुडाशी नारिंगी पट्टा असतो, रंगाच्या ब्रशने एकदाच फिरवल्यासारखा. मकरंद या पट्ट्यातूनच पाझरतो, आणि तो भरपूर असतो. चाफ्याच्या कुळात हे जरा वेगळंच आहे, कारण मॅग्नोलियाची फुलं येणाऱ्या किड्यांना मुख्यतः परागकणांवरच भागवायला लावतात. वीस वर्षांच्या आतलं ट्यूलिप ट्रीसुद्धा एका हंगामात साडेतीन किलोच्या आसपास मकरंद देतं, असा अमेरिकेच्या वनखात्याच्या जुन्या पुस्तकांतला आकडा आहे. त्यातून पावणेदोन किलोच्या आसपास गडद तांबूस मध होतो.

फुलाची रचना जुन्या वळणाची आहे. बाहेर खाली वळलेली तीन निदलं, आत सहा पाकळ्या, त्यांच्या आत पट्टीसारख्या लांब पुंकेसरांचं कडं, आणि मधोमध एक टोकदार शंकू. या शंकूवर स्त्रीकेसर खवल्यांसारखे सर्पिल रांगेत बसलेले असतात. एकेका स्त्रीकेसराच्या टोकाला परागकण पकडणारी कुक्षी असते. फूल उमलतं तेव्हा ती फिकट, रसरशीत असते. परागकण तेव्हाच यायला हवेत. बारा ते चोवीस तासांत ती तपकिरी पडते आणि दार बंद होतं. वर्षभराच्या तयारीनंतर हाताशी एक दिवस!

एवढ्या कमी वेळात मधमाश्या, भुंगे, माश्या येतात, पण बऱ्याचदा एकाच झाडाच्या फुलांवर फिरत राहतात. त्यामुळे स्वतःच्याच झाडाचे परागकण पडतात, आणि त्यातून बी धरलंच तर ते कमकुवत निपजतं. परिणाम असा की नैसर्गिक परागणातून सरासरी दहा टक्केच बिया भरलेल्या निघतात. माणसाने दुसऱ्या झाडाचे परागकण हाताने लावले तर हाच आकडा नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. गंमत म्हणजे आज या फुलांवर सगळ्यात जास्त दिसणारी मधमाशी मूळची तिथली नाहीच. ती सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर जहाजातून आली. तोपर्यंत हे काम तिथले भुंगे, माश्या आणि इतर देशी कीटकच करत होते.

दहा टक्के म्हणजे नापासच की! पण झाडाचं गणित निराळं आहे. प्रत्येक स्त्रीकेसराचं एक पंखवालं फळ होतं आणि ऐंशी-शंभर पंखांचा मिळून एक शंकू. अर्धा मीटर जाडीच्या एका झाडावर मोजले तेव्हा सव्वातीन हजार शंकू आणि त्यांत २९,००० भरलेल्या बिया निघाल्या. शंकूमागे नऊच्या आसपास, म्हणजे दहा टक्क्यांचा हिशोब इथेही जुळतो. पण २९,००० हा आकडा एका झाडाचा, एका वर्षाचा. नव्वद टक्के माल पोकळ निघाला तरी दुकान जोरात चालू आहे.

ऑक्टोबरपासून शंकू सुटू लागतो. एकेक पंख गरगरत खाली येतो आणि वारा असेल तर झाडाच्या उंचीच्या चार-पाच पट दूर जातो. शंकूचा मधला काटा आणि बुडाशी चिकटलेले चार-सहा पंख फांदीवर हिवाळाभर तसेच राहतात. पडलेलं बी लगेच रुजत नाही, त्याला आधी थंडी सोसावी लागते. थंडी झाली तरी सगळी बिया एकदम उगवत नाहीत. काही जमिनीवरच्या पालापाचोळ्यात चार ते सात वर्षं जिवंत पडून राहतात. कशाची वाट बघत? उजेडाची.

ट्यूलिप ट्रीचं सगळं वागणं समजून घ्यायला हा एक शब्द पुरतो. मेपल, बीच यांची रोपं मोठ्या झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षं खुरटून तग धरतात आणि संधी आली की वाढतात. ट्यूलिप ट्रीच्या रोपाला ते जमत नाही. सावलीत ते मरतं. म्हणून त्याचा डाव दुसरा. वादळात एखादं मोठं झाड कोसळलं, वणवा गेला, जंगल तोडलं, शेत ओसाड पडलं की जमिनीवर ऊन येतं. पाचोळ्यातल्या बिया जाग्या होतात आणि शर्यत सुरू होते. चांगल्या ओलसर, खोल मातीत हे झाड पन्नास-साठ वर्षांत छत्तीस मीटर उंची गाठतं. खालच्या फांद्यांना ऊन मिळेनासं झालं की त्या वाळून गळतात, त्यामुळे खोड खांबासारखं सरळसोट आणि खालून बरंच वर बिनफांदीचं होतं. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतातलं एक झाड २०११ साली मोजलं तेव्हा ५८ मीटरहून उंच भरलं, म्हणजे अठरा-एकोणीस मजली इमारतीएवढं.

उघड्या जागेत झपाट्याने वाढणारी झाडं सहसा लवकर म्हातारी होतात. आपलं काम उरकून सावलीतल्या झाडांना जागा देतात. हे झाड तो नियमही पाळत नाही. दोनशे ते अडीचशे वर्षं हे त्याचं साधारण आयुष्य, आणि काही झाडं त्याहून कितीतरी जास्त जगतात. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात एक चाळीस मीटर उंचीचं झाड उभं आहे, त्याचं वय साडेतीनशे ते साडेचारशेच्या घरात धरतात. तणासारखं घुसायचं आणि मग वडासारखं ठाण मांडायचं, अशी ही रीत.

या रीतीचा सगळ्यात मोठा फायदा त्याला एका आपत्तीत झाला. पूर्व अमेरिकेतल्या अपॅलाचिअन पर्वतांत एकेकाळी अमेरिकन चेस्टनटचं राज्य होतं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका परदेशी बुरशीचा रोग त्यावर आढळला. पुढच्या चार-पाच दशकांत तीन ते चार अब्ज झाडं मेली, असा अंदाज सांगितला जातो. जंगलाच्या छताला एवढी भोकं पडल्यावर खालच्या ओलसर घळींमध्ये धावून आलेल्यांत ट्यूलिप ट्री पुढे होतं. याच काळात डोंगरातली शेतं सोडून लोक निघून गेले, वणवे विझवण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही गोष्टी याच्या पथ्यावर पडल्या. वणवा थांबल्याचा लाभ विशेष, कारण कोवळ्या झाडाची साल पातळ असते आणि आगीत ते टिकत नाही. (मोठ्या झाडाची साल जाड, ते सहसा वाचतं.)

आता याची किंमत पाण्यात मोजावी लागते आहे, आणि हा भाग मला सगळ्यात विचार करण्याजोगा वाटतो. ओकच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या मोठ्या नळ्या वर्षाच्या सुरुवातीच्या एका कड्यात असतात, आणि बाकीचं बरंचसं लाकूड पाणी वाहण्यातून निवृत्त झालेलं असतं. ट्यूलिप ट्रीच्या लाकडात लहान नळ्या सगळीकडे विखुरलेल्या असतात आणि खोडाच्या बऱ्याच जाडीतून पाणी वर चढत राहतं. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या ओकपेक्षा हे झाड कितीतरी जास्त पाणी उपसून हवेत सोडतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटा इथे १९३४ पासून डोंगरांतल्या ओढ्यांचं पाणी मोजण्याची व्यवस्था आहे. तिथल्या नोंदींवरून दिसलं की जंगलात ओक-हिकरी कमी होऊन ट्यूलिप ट्री आणि मेपल वाढले तसं ओढ्यांना येणारं पाणी घटलं. हवामान बदलाचा वाटा त्यात आहेच, पण झाडांच्या अदलाबदलीचाही आहे.

पाणी भरपूर असतं तोवर ही उधळपट्टी चालून जाते. दुष्काळात मात्र ट्यूलिप ट्री लगेच पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. छिद्रं मिटली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येणंही थांबतं आणि वाढ खुंटते. २०१२ च्या मोठ्या दुष्काळात इंडियानातल्या जंगलात हे मोजलं गेलं. ओकची झाडं धोका पत्करून अन्न बनवत राहिली आणि ट्यूलिप ट्रीने दुकान बंद केलं. ताण वाढला तर भर उन्हाळ्यात आतली पानं पिवळी होऊन गळतात. बागेत असं झालं की मालकाला वाटतं रोग पडला, आणि तो औषध शोधत फिरतो. झाडाला हवं असतं पाणी.

त्याची गळलेली पानं लवकर कुजतात. ओकचं चिवट पान वर्ष-दोन वर्षं पडून राहतं. ट्यूलिप ट्रीचा पाचोळा त्याच्या आधीच मातीत मिसळतो आणि त्यातली पोषकद्रव्यं पटकन मोकळी होतात. मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशाही दोघांच्या वेगळ्या. म्हणजे एक झाड जाऊन दुसरं आलं की वरचं छतच बदलत नाही, पायाखालची मातीही बदलते.

याच्यावर जगणारेही पुष्कळ आहेत. टायगर स्वॅलोटेल या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या मोठ्या फुलपाखराच्या सुरवंटाला याची पानं प्रिय. हिरवागार सुरवंट पानावर रेशमाचे धागे ओढून झोळी करतो आणि त्यात बसतो. अंगावर डोळ्यांसारखे दोन ठिपके, पक्ष्यांना दचकवायला. एक रेशीमपतंग तर असा की त्याच्या अळ्या जवळजवळ याच झाडावर वाढतात. सॅपसकर जातीचे सुतार पक्षी खोडावर सुईदोऱ्याने टाके घातल्यासारख्या रांगेत भोकं पाडून रस पितात. एक खवलेकीड फांद्यांना चिकटून रस शोषते आणि चिकट गोड पाणी गाळते. मग मुंग्या येतात, पानांवर काळी बुरशी धरते, आणि झाडाखाली गाडी लावणारा माणूस चरफडतो. चेस्टनटवर आली तशी झाडाला संपवून टाकणारी साथ मात्र याच्या वाट्याला अजून आलेली नाही.

लाकूड हलकं, मऊ, कोरायला सोपं. तिथले मूळ रहिवासी आख्खं खोड पोखरून होड्या करत, म्हणून ‘कनू वुड’ हेही एक नाव. या लाकडाने २०२४ मध्ये शास्त्रज्ञांना पुन्हा चकवलं. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानातली झाडं घेऊन त्यांचं लाकूड गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं. पेशीभित्तिकेत सेल्युलोजच्या धाग्यांच्या जुड्या असतात. ओक, बर्चसारख्या हार्डवुडमध्ये जुडी सुमारे १६ नॅनोमीटर जाड, पाइनसारख्या सॉफ्टवुडमध्ये २५ च्या पुढे. ट्यूलिप ट्रीची जुडी २० च्या आसपास भरली, म्हणजे ना इकडची ना तिकडची. संशोधकांनी याला ‘मिडवुड’ असं नवं नाव दिलं. त्यांचा अंदाज असा की तीन ते पाच कोटी वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने कमी झाला, त्या टंचाईत जास्त कार्बन पटापट साठवायला ही रचना उपयोगी पडली असावी. तो अजून अंदाजच आहे, पण या झाडाच्या उतावळेपणाशी छान जुळतो.

एके काळी लिरिओडेंड्रॉनच्या जाती उत्तर गोलार्धात सगळीकडे होत्या. युरोपातही त्यांची जीवाश्म पानं सापडतात. मग हिमयुगं आली. युरोपात आल्प्ससारखे आडवे पर्वत वाटेत आल्याने झाडांना दक्षिणेकडे सरकायला जागा उरली नाही आणि तिथली जात संपली. उरल्या दोन, एक अमेरिकेच्या पूर्वेला आणि दुसरी चीन व उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांत. एक ते दीड कोटी वर्षांपूर्वी या वेगळ्या झाल्या असाव्यात. चिनी झाडाच्या पानाची कंबर जास्त बारीक, म्हणून तिथे त्याला ‘मागुआ’ या जुन्या आखूड अंगरख्याचं नाव मिळालं आहे. फुलात नारिंगी पट्टा नाही. ही झाडं विखुरलेली आहेत, आणि शेजारी दुसरं झाड नसेल तर शंकूत पोकळ पंखच भरतात.

१९६३ मध्ये चीनमधल्या नानजिंग शहरात वनशास्त्रज्ञ ये पेइझोंग यांनी या दोन भावंडांचा संकर केला. एवढ्या काळाच्या ताटातुटीनंतरही बी धरलं, आणि त्यातून निघालेली झाडं दोन्ही आईबापांपेक्षा जोमाने वाढली. आज चीनमध्ये ती लाकडासाठी आणि रस्त्याकडेला लावली जातात. असं बी तयार करायचं तर शिडी लावून शेंड्यापर्यंत जायचं, उमलायच्या बेतात असलेल्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि ब्रशने दुसऱ्या जातीचे परागकण कुक्षीवर टेकवायचे. काम भुंग्याचंच आहे, आणि मुदतही त्याचीच. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलात तर कुक्षी तपकिरी झालेली असते.